मेणाची वडी

जळगावच्या लॅबमधल्या ताईंनी काकांचा ब्लॉक, म्हणजे छातीतून काढलेला तुकडा ज्यात जपलाय ती मेणाची वडी, हातात दिला आणि बजावलं, "उन्हात गाडीत ठेवू नका हं." बाहेर मे महिना, पारा पंचेचाळीसला टेकलेला. बंद गाडीत मेण पाघळायला कितीसा वेळ! मग जेवणाच्या डब्याशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळून ती वडी रात्रीच्या गाडीनं मुंबईला नेली.

त्याआधी छातीतलं पाणी तीनदा काढलं होतं. आपल्याकडे छातीत पाणी म्हटलं की आधी टीबीच आठवतो, आणि बहुतेकदा तो असतोही. काकांना सहा महिने टीबीच्या गोळ्या झाल्या. पाणी पुन्हा भरलंच. पाण्यातल्या सुट्या पेशींवरून पक्कं सांगता येईना, म्हणून दुर्बिणीनं फुप्फुसाच्या आवरणाचा तुकडा घेतला. संशयाच्या पेशी आवरणाखालच्या चरबीत घुसल्यात का, म्हणजे कॅन्सर आहे का, हे तुकड्यातच दिसतं. सुईनं काढलेल्या पाण्यात ते कुठून दिसणार?

मुंबईच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी पहिलं विचारलं, "काम काय करायचे?" काका गिरणीच्या बॉयलरवर होते. वाफेच्या नळांना पांढरी दोरी गुंडाळायचे, वर लगदा थापायचे. १९८२च्या संपानंतर अमळनेरला आले ते कायमचे. त्या दोरीतलं, लगद्यातलं ॲस्बेस्टॉस चाळीस वर्षांनी असं वर आलं.

पण नुसत्या कामावरून आजाराचं नाव ठरत नाही. वडीचे केसापेक्षा पातळ काप काढून वेगवेगळे रंग चढवले. पेशी कुठल्या ते सांगणाऱ्या प्रथिनांच्या या खुणा: कॅलरेटिनिन आणि डब्ल्यूटी-१ उमटले, टीटीएफ-१ आणि क्लॉडिन-४ नाही. म्हणजे फुप्फुसाचा नेहमीचा कॅन्सर नाही, मेसोथेलिओमा, फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. बीएपी-१ हे प्रथिन पेशींतून नाहीसं झालेलं, त्यानं शंका उरली नाही. रिपोर्टातला एक शब्द मी तीनदा वाचला: 'एपिथेलिऑइड', म्हणजे या कॅन्सरचा त्यातल्या त्यात बरा प्रकार. दुसरा, सार्कोमॅटॉइड असता तर नेहमीच्या केमोला दाद कमी, आणि ऑपरेशनचा विषयही बहुतेक मिटला असता. काकांना पेमेट्रेक्झेड आणि सिस्प्लॅटिन ही केमो सुरू झाली, सोबत फॉलिक ॲसिड आणि बी-१२.

"मेणमां काय शे रे भो?" काका विचारतात. मी म्हणतो, तुमच्याच छातीतला चिमूटभर तुकडा. ते हसतात, मग खोकतात.

उरलेला ब्लॉक मी मागून आणला. पुढे इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला जोर देणाऱ्या औषधांचं ठरलं, तर कदाचित पुन्हा काप लागतील. रेशनकार्डाच्या डब्यात ठेवलाय, माजघरात, जिथं ऊन येत नाही.