पोचा आलेली १९ इंची लोखंडी रिम : कामाची नोंद

दिवस पहिला : आधी मापं, मग हातोडा

चाक मोटरसायकलचं, पुढचं आहे. १९ इंची, १.८५ इंच रुंदीची क्रोम केलेली लोखंडी रिम, ३६ स्पोक, ट्यूबचं टायर. टायरमध्ये हवा कमी, त्यात खड्ड्याच्या पलीकडच्या काठावर चाक आपटलं. ट्यूबला सापाच्या दातांसारखी शेजारी शेजारी दोन भोकं आणि रिमच्या उजव्या काठाला पोचा. ही दोन भोकं दिसली की ट्यूब बदलून गाडी जोडू नये. टायर आणि ट्यूब रिमच्या काठाखाली चेपली गेल्याशिवाय ती पडत नाहीत, म्हणजे काठालाही मार बसलेला असतोच.

टायर उतरवलं, रिम आतबाहेर पुसून घेतली. वॉल्वच्या भोकापासून चाक फिरतं त्या दिशेने निपलना, म्हणजे स्पोक रिमला आवळून धरणाऱ्या छोट्या नटांना, १ ते ३६ आकडे घातले. पोचा १४ ते १६ या तीन निपलच्या टप्प्यात आहे, लांबी साधारण ७० मिलीमीटर. या रिमवर दोन निपलमधलं अंतर ४२ मिलीमीटरच्या आसपास भरतं, म्हणजे पोच्याने जवळजवळ दोन घरं खाल्ली आहेत.

गेज लावण्याआधी बेअरिंग बघितलं. चाक स्टँडवर धरून काठ दोन्ही बाजूंना हलवायचा. जरासुद्धा खटखट लागली तर आधी बेअरिंग बदलायचं. ढिल्या बेअरिंगवर घेतलेलं माप दर फेऱ्याला वेगळं येतं आणि त्याच्यामागे फिरण्यात दिवस जातो.

मग चुंबकी पायाचं डायल गेज, म्हणजे मिलीमीटरचे अंश काट्यावर दाखवणारं मापयंत्र, लावून चार ठिकाणी मापं घेतली. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा यांच्यातला फरक असा :

उजवा काठ, वर-खाली : ३.६ मिमी
उजवी बैठक, म्हणजे टायरचं बीड (टायरची आतली जाड कड) टेकतं ती जागा : १.४ मिमी
डावी बैठक : ०.९ मिमी
उजवा काठ, बाजूला : २.२ मिमी

बऱ्याच जणांचं गेज फक्त काठावर फिरतं. मग ३.६ बघून रिम गेली म्हणतात, नाहीतर सगळे स्पोक पिळत बसतात. खरं तर इथे दोन निराळे दोष एकावर एक चढले आहेत. काठाचा ओठ दबून बाहेर पसरला आहे, आणि त्याच जागी रिमचं सगळं अंग थोडं आत बसून सपाट झालं आहे. दोन्ही बैठकांची मापं घेतली तेव्हाच हे उमगलं. पोच्याच्या जागी रिमची आतली रुंदीही ४७ ऐवजी ४९ मिमी भरली, त्यातून ओठ पसरल्याची खात्री झाली.

गेज नसेल तर स्टँडला जाड तार घट्ट बांधून तिचं टोक काठाजवळ आणायचं आणि फट फीलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजायची. काम थोडं हळू होतं, पण होतं. लोखंडी रिमचा वेल्डचा सांधा ओळखून ठेवा. तिथे काटा क्षणभर उडी मारतो, ती उडी हिशेबात धरायची नाही.

बऱ्याच सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दोन्ही दिशांना २.० मिमी ही शेवटची मर्यादा दिलेली असते, ओतीव चाकांना काही ठिकाणी याहून कडक. आपल्या गाडीच्या पुस्तकातला आकडा अंतिम. या चाकासाठी बैठकेचं आणि बाजूचं उद्दिष्ट १ मिमीच्या आत ठेवलं आहे.

भेगांची तपासणी

ही पायरी वगळायची नाही. पोच्याची खोल रेघ आणि निपलच्या भोकांचे काठ दहापट भिंगाखाली बघितले. क्रोमवर वाळलेल्या चिखलाला पडतात तशा बारीक जाळीच्या चिरा होत्या. या चिरा क्रोमच्या की लोखंडाच्या, हे वरून कळत नाही. म्हणून पोच्याच्या आतल्या बाजूचं क्रोम २४० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून खालचा धातू उघडा केला, मग भेग दाखवणारं लाल द्रव्य लावून पंधरा मिनिटं ठेवलं, फडक्याने पुसलं आणि वरून भेगेतलं लाल द्रव्य ओढून दाखवणारा पांढरा डेव्हलपर मारला. पांढऱ्यावर लाल रेघ उमटली नाही. निपलच्या भोकापासून निघालेली केसाएवढी रेघ उमटली असती तरी काम इथेच थांबवलं असतं. भेगाळलेली, निपलचं भोक फाटलेली किंवा त्याच जागी पूर्वी एकदा सरळ केलेली रिम पुन्हा ठोकण्यात अर्थ नाही. वाकवून सरळ केलेला धातू त्या जागी कडक आणि ठिसूळ होत जातो, आणि पुढचा मार बसला की वाकायच्या ऐवजी तुटतो.

दिवस दुसरा : स्पोक सोडणं

१४, १५, १६ हे स्पोक बोटाने हलतील इतके ढिले झाले होते. ते दिसले की हात आपोआप स्पोकच्या पान्याकडे जातो, आणि नेमकं इथेच चाक हाताबाहेर जातं. हे स्पोक सैल का पडले? रिम त्या जागी हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) दिशेने सरकली म्हणून. आता ते आवळले तर आत बसलेली रिम आणखी आत ओढली जाते, पोचा पक्का होतो, समोरच्या बाजूचे स्पोक जास्त ताणले जातात आणि चाकाचा गोलपणा दोन ठिकाणी बिघडतो. स्पोकचं काम गोल रिमला मधोमध धरून ठेवणं. वाकलेलं लोखंड सरळ करणं त्यांच्या आवाक्यात नाही. म्हणून क्रम कायम हाच : स्पोक सोडा, धातू सरळ करा, मग आउट काढा, म्हणजे स्पोक आवळून-सोडून चाकाचं वाकडं फिरणं घालवा.

आदल्या रात्री सगळ्या निपलवर गंज सोडवणारं तेल सोडून ठेवलं होतं. सोडण्याआधी दोन नोंदी केल्या. एक, ब्रेकच्या डिस्कच्या तोंडावर पट्टी धरून रिमच्या काठापर्यंतचं अंतर, म्हणजे शेवटी रिम हबच्या मधोमध आली की नाही हे कळेल. दोन, प्रत्येक निपलवर रंगाचा ठिपका, म्हणजे फेरे मोजता येतील.

दिशेचा घोळ सगळ्यांचाच होतो. टायरच्या बाजूने बघताना निपल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आवळला जातो. हबच्या बाजूने बघताना तोच फेरा उलटा दिसतो. पान्याचं तोंड निपलवर गच्च बसणारंच हवं. सैल पान्याने निपलचे कोपरे एकदा गोल झाले की तो निपल कापूनच काढावा लागतो.

१४ ते १६ चे निपल पूर्ण काढून स्पोक बाजूला बांधले. ११ ते १३ आणि १७ ते १९ तीन फेरे सोडले, ९, १० आणि २०, २१ दीड फेरा. एका घरापासून पुढच्या घरापर्यंत ढील हळूहळू कमी होत जायला हवी. तीनच स्पोक सोडून बाकीचे तसेच ताणलेले ठेवले तर ठोकताना १३ आणि १७ च्या जागी नवीन कोन पडतो.

आत बसलेलं अंग बाहेर काढणं

आधी अंग, मग ओठ. ओठ आधी सरळ केला आणि नंतर अंग हललं, तर ओठाचं काम पुन्हा करावं लागतं.

जमिनीवर दोन सागवानी ठोकळे २०० मिमी अंतरावर ठेवले, वर चामड्याचा तुकडा. चाक उभं धरून पोचा खाली, दोन ठोकळ्यांच्या बरोबर मधल्या पोकळीवर. वरून स्पोकच्या मधून कडक लाकडाचा दांडा रिमच्या आतल्या अंगावर टेकवला आणि एक किलोच्या हातोड्याने दांड्यावर मार दिला. दांड्याच्या टोकाला मधोमध १५ मिमी खोल खाच आहे. निपलच्या भोकाभोवतीचा उंचवटा त्या खाचेत जातो आणि मार भोकावर न पडता दोन्ही बाजूंच्या सपाट पट्टीवर पडतो. खाच नसलेल्या दांड्याने भोकाचा उंचवटा चेपतो, मग निपल वाकडा बसतो आणि तो स्पोक आट्यांपाशी लवकर तुटतो.

पहिल्या सहा-सात मारांनी काटा हललासुद्धा नाही. धातू वाकतो आणि सोडला की परत येतो. त्या परतीच्या पलीकडे गेल्याशिवाय फरक पडत नाही, आणि पलीकडे गेलं की एका मारात अर्धा मिलीमीटर निघून जातो. म्हणून जोर थोडा थोडा वाढवायचा आणि दर दोन मारांनी गेज लावायचं. इथे नेमकं असं घडलं : बैठक १.४ वर अडून राहिली, मग १.१, मग एकदम ०.६. तिथेच थांबलो. ०.६ चं ०.२ करायच्या हट्टात रिम बाहेर फुगते, आणि फुगलेलं लोखंड आत आणणं याच्या दुप्पट कठीण.

ओठ सरळ करणं

रिमच्या चांगल्या भागावर पुठ्ठा धरून काठाचा आकार कापून घेतला. हा साचा पोच्यावर धरला की कुठे किती फट आहे ते लगेच दिसतं. १२ इंची ॲडजस्टेबल पान्याच्या जबड्यांना चामडं गुंडाळलं, ओठ तेवढाच पकडला आणि पान्याच्या दांड्याने हलकेच उचलत, वळवत गेलो. सुरुवात पोच्याच्या दोन्ही टोकांकडून, दर वेळी ५ मिमी मध्याकडे. मधूनच सुरुवात केली की मध्य वर येतो आणि टोकांना दोन कोन राहतात. ते कोन पुढे कितीही घासले तरी जात नाहीत.

शेवटची लाट साच्याबरहुकूम तासलेल्या लाकडी ठोकळ्याने काढली. ठोकळा ओठाच्या आतून, बाहेरून सपाट लाकूड, दोन्ही सी-क्लॅम्पमध्ये. क्लॅम्प आवळून बाहेरच्या लाकडावर नायलॉनच्या हातोड्याने हलके मार. रुंदी ४९ वरून ४७.४ वर आली. उजव्या काठाचं वर-खाली माप ३.६ वरून १.२. आतल्या कडेला नख अडकेल अशी लव उठली होती. ती ३२० नंबरच्या पेपरने घालवली, नाहीतर टायरच्या बीडचं रबर तिथे कापलं जातं.

कुठेही गॅसची ज्योत वापरली नाही. लोखंडी रिम थंड असतानाच सरळ होते. ज्योतीने क्रोम निळं पडून सुटतं, आणि तापलेली जागा शेजारच्या भागापेक्षा सहज वाकते म्हणून वाक भलत्याच ठिकाणी पडतो.

अ‍ॅल्युमिनियमवाल्यांसाठी

हीच रीत अ‍ॅल्युमिनियमच्या स्पोक रिमला जशीच्या तशी लावू नका. अ‍ॅल्युमिनियमचा ताठपणा लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश. तेवढ्याच ताणाला ते तिप्पट लवतं आणि सोडल्यावर तेवढंच परत येतं. म्हणजे बरंच पलीकडे न्यावं लागतं, आणि भेगेची मर्यादा त्याच वाटेवर असते. अशा रिमला हातोडा नको. जॅक किंवा प्रेसने सावकाश दाब द्या.

ओतीव चाकाची गोष्ट आणखी निराळी. त्याची ताकद कारखान्यातल्या उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेली असते. त्या प्रक्रियेचा शेवटचा टप्पा १५५ अंशांच्या आसपास चालतो, आणि उघड्या ज्योतीखाली त्या जागेचं तापमान काही क्षणांत त्याच्या कितीतरी वर जातं. अ‍ॅल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही. चाक दिसायला सरळ होतं, पण तेवढी जागा मऊ पडलेली असते. काठाचा छोटा पोचा तापमान मोजत काम करणाऱ्या जाणकाराकडे न्यावा. भेग असेल, किंवा मार चाकाच्या दांड्यांपर्यंत पोचला असेल, तर चाक बदलावं. तिथे वेल्डिंगवर भरवसा ठेवू नये, पुढच्या चाकाच्या बाबतीत तर अजिबात नाही.

दिवस तिसरा : आउट काढणं

१४ ते १६ चे निपल परत लावले, आट्यांवर आणि निपलच्या बसण्याच्या जागी तेलाचा एकेक थेंब. कोरडा निपल आवळताना स्पोकलाच पीळ देतो आणि तो पीळ रस्त्यावर सुटतो. ठिपक्यांवरून सोडलेले फेरे परत दिले, पण १४ ते १६ शेवटचा अर्धा फेरा राखून.

आधी वर-खाली, मग बाजूचं. रिम बाहेर आलेल्या जागी दोन्ही बाजूंचे स्पोक पाव फेरा आवळायचे, आत गेलेल्या जागी पाव फेरा सोडायचे. रिम उजवीकडे गेली असेल तर डाव्या बाजूचे आवळायचे आणि उजवे तेवढेच सोडायचे. नुसतं आवळत गेलं की तिथे रिम आतही येते. प्रत्येक पूर्ण फेरीनंतर स्पोकच्या जोड्या हाताने दाबून घेतल्या. टक्कन आवाज येऊन निपल जागेवर बसतात आणि काटा थोडा हलतो. पुढचा हिशेब त्या नवीन आकड्यावर.

पाचव्या फेरीनंतर : बैठक ०.४, बाजूला ०.६. आकडे उत्तम होते. पण स्क्रूड्रायव्हरने स्पोक वाजवत गेल्यावर बाकी सगळे टण्ण वाजत होते आणि १५ नंबर ठप्प. याचा अर्थ त्या जागी लोखंड अजून किंचित आतच होतं, आणि बाकीच्यांच्या ताणावर ते गोल दिसत होतं. अशा चाकात ठप्प वाजणारा स्पोक रस्त्यावर आणखी सैल होतो आणि शेजारचे तुटतात. म्हणून १५ आवळला आणि १३, १४, १६, १७ मध्ये ताण वाटून दिला. ०.४ चं ०.८ झालं, पण सगळे स्पोक जवळजवळ एका सुरात आले. पुस्तकातल्या टॉर्कच्या (आवळण्याच्या जोराच्या) आकड्याशी ताडून बघितलं, तेही जुळलं. गोलपणा आणि सारखा ताण यांतलं एकच मिळत असेल, तर मर्यादेच्या आत राहून ताण निवडावा.

पट्टीने डिस्कपासूनचं अंतर पुन्हा मोजलं. मूळ नोंदीपेक्षा फरक अर्धा मिलीमीटर, ठीक.

दिवस चौथा : जोडणी

निपलच्या वर डोकावणारी स्पोकची टोकं कानशीने घासून सपाट केली. तीन होती, तिन्ही ट्यूबमध्ये घुसली असती. क्रोम काढलेल्या जागेवर जस्ताचा प्रायमर, दोन पातळ हात, पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. नवीन रिम टेप (निपलची डोकी झाकणारी पट्टी), नवीन ट्यूब. टायर साबणाच्या पाण्यावर चढवलं. हवा भरल्यावर टायरच्या बाजूची बारीक गोल रेघ रिमच्या काठापासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का ते बघितलं. १५ नंबरपाशी ती दीड मिलीमीटर आत दबली होती, म्हणून हवा सोडून साबणपाणी पुन्हा लावलं आणि परत भरली. दुसऱ्या वेळी बीड बरोबर बसलं. त्यानंतर बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं.

१२० किलोमीटरनंतर

बैठक टायरखाली गेली, म्हणून आता मापं काठावरूनच. वर-खाली १.३, बाजूला ०.७. १५ आणि १६ प्रत्येकी पाव फेरा ढिले मिळाले, आवळले. बाकी चौतीस जागच्या जागी. पोच्याच्या रेघेवर प्रायमर कुठेही फुटलेला नाही. खाली भेग धरली असती तर रंगाची रेघ आधी तिथेच फुटली असती. पुढचं माप ५०० किलोमीटरला, तेव्हा १३ ते १७ पुन्हा वाजवून बघायचे आहेत.