तुमचे एवढे करार होतात तरी कसे?

ठाण्या-कल्याणकडच्या कॉलेजांतले प्राध्यापक भेटले की परदेशी विद्यापीठांशी होणाऱ्या आमच्या करारांबद्दल हा प्रश्न हमखास येतो. "तुमचं बरं आहे हो. मनिला, नैरोबी, जकार्ता, सगळीकडे तुमचीच माणसं. रोमहून पत्र आलं की झाला करार!"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मुंबईतल्या एका कॅथलिक कॉलेजात परदेशी विद्यापीठांशी होणारा व्यवहार माझ्या टेबलावरून जातो. मी स्वतः ख्रिस्ती नाही, गणपतीची रजा न चुकता टाकणारा गिरगावकर आहे. रोमहून पत्र आलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

जाळं आहे, हे मात्र खरं. कॅथलिक विद्यापीठांच्या जागतिक महासंघाची सुरुवात १९२४ ची, कार्यालय पॅरिसला. पण महासंघापेक्षा जास्त उपयोगी पडतात ते धर्मसंघ. आपल्या धोबीतलावचं सेंट झेवियर्स १८६९ मध्ये जर्मन जेझुइटांनी, म्हणजे 'येशूसंघ' या कॅथलिक धर्मसंघाच्या पाद्र्यांनी काढलं. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी जर्मन पाद्र्यांना नजरकैदेत टाकलं, मायदेशी धाडलं, आणि पुढे त्यांच्या जागी स्पॅनिश जेझुइट आले. त्यांच्यातलेच फादर हेनरी हेरास १९२२ मध्ये मुंबईत उतरले आणि १९२६ मध्ये त्यांनी इथे इतिहास संशोधन संस्था उभी केली. तेव्हा कसला आलाय एमओयू, म्हणजे सामंजस्य करार? एका देशाची माणसं गेली, दुसऱ्या देशाची आली, वर्ग चालू राहिले. त्याच संघाचं मनिलातलं आतेनेओ विद्यापीठ १८५९ चं आहे आणि इंडोनेशियातल्या योग्यकर्त्याचं सनाता धर्मा १९५५ चं. जगभरच्या जेझुइट विद्यापीठांची एकत्र संघटना मात्र २०१८ मध्ये स्पेनमधल्या बिल्बाओला झाली, म्हणजे अगदी कालपरवा.

या ओळखीचा फायदा एवढाच, की पहिल्या ईमेलला उत्तर येतं. मध्यस्थ स्थळ सुचवतो, संसार करायला काही तो येत नाही. पुढचं सगळं आमचं आम्हालाच निस्तरावं लागतं.

आणि तिथेच मला राग येतो. युरोपशी करार करणं सोपं, आफ्रिकेशी कठीण, अशीच सगळी मांडणी आहे. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०२२ चे नियम बघा. परदेशी विद्यापीठाबरोबर संयुक्त किंवा दुहेरी पदवी द्यायची तर आपल्याकडे नॅकचे, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या परिषदेचे, किमान ३.०१ गुण किंवा तसलंच काही मानांकन हवं, आणि समोरचं विद्यापीठ क्यूएस किंवा टाइम्सच्या जागतिक क्रमवारीच्या यादीत पहिल्या १,००० मध्ये हवं. पूर्व आफ्रिकेतली किती कॅथलिक विद्यापीठं त्या यादीत बसणार? समाजकार्य शिकवण्यात ती आपल्याला चार गोष्टी शिकवतील अशी असली तरी पदवीचं दार बंद. युरोपचं विद्यापीठ असेल तर एरास्मस प्लस या युरोपीय संघाच्या योजनेतून विद्यार्थ्याचा प्रवास आणि राहणं निघू शकतं. नैरोबीच्या मुलाचं विमानाचं तिकीट कोणी काढायचं, यावरच बैठक अडते.

"पण तुम्हाला बाहेरून पैसा येतो ना?" हा पुढचा प्रश्न, थोडा आवाज खाली आणून विचारलेला. परदेशी देणगी घ्यायची तर एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याखालची, नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरते. ती दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही आणि प्रशासनावरचा खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. त्यामुळे पैशावर उभी राहणारी भागीदारी आम्ही शक्यतो मांडतच नाही.

मग चालतं काय? छोटं काम. दोन्हीकडच्या एकेका प्राध्यापकाला ज्याची खरोखर गरज आहे असं. आमच्याकडे सगळ्यात नीट चाललेला उपक्रम आहे नैरोबी आणि मनिलाबरोबरचा एक ऑनलाइन वर्ग. आपल्याकडे दुपारी साडेतीन वाजतात तेव्हा नैरोबीत एक असतो आणि मनिलात संध्याकाळचे सहा. मुंबई बरोबर मधोमध, दोघांपासून अडीच-अडीच तासांवर. विषय होता वस्तीतलं पाणी. गोवंडीच्या मुलीने टँकर आला की ड्रम कसे लागतात, एका ड्रमचे किती द्यावे लागतात आणि पैसे कोण गोळा करतो ते सांगितलं. नैरोबीच्या मुलाने तिथल्या किबेरा झोपडपट्टीत वीस लिटरचा पिवळा जेरीकॅन कसा विकला जातो ते दाखवलं. पाणीटंचाईत भाव कोण ठरवतो, यावर दोघांची अशी जुंपली की प्राध्यापिकाबाई नुसत्या ऐकत बसल्या. जेरीकॅन घरापर्यंत कोण वाहून नेतं, या प्रश्नाला दोन्ही वस्त्यांतून एकच उत्तर आलं, बाया आणि मुली. लंडनच्या विद्यार्थ्यांबरोबर हाच वर्ग घेतला असता तर आमची मुलं माहिती देत बसली असती आणि तिकडची टिपून घेत बसली असती.

प्रत्यक्ष कुणी इथे यायचं ठरलं की मात्र कागद सुरू होतात. केनियाहून येणाऱ्याकडे पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड हवं, नाहीतर विमानतळावरूनच थेट विलगीकरणात. हॉस्टेलवर पोचल्यापासून चोवीस तासांत परदेशी पाहुण्याची माहिती सरकारला कळवणारा फॉर्म भरायचा. सहा महिन्यांपेक्षा जास्त मुदतीचा विद्यार्थी व्हिसा असेल तर चौदा दिवसांत एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयात, नोंदणी. शाल-श्रीफळ देऊन सह्या केलेले, फोटो काढून फाइलीत गेलेले जे करार पुढे सरकत नाहीत, ते बहुतेक इथेच अडकलेले असतात. ही कामं अंगावर घेणारा माणूसच कुणी नेमलेला नसतो. प्राचार्य बदलले की फाइलही कपाटात.

जाळ्याची खरी किंमत कळते ती संकटात. ऑगस्ट २०२३ मध्ये निकाराग्वाच्या सरकारने मानाग्वातलं जेझुइटांचं विद्यापीठ जप्त केलं. हजारो विद्यार्थी एका दिवसात उघड्यावर पडले. तेव्हा अल साल्वादोर आणि ग्वातेमालातली त्याच संघाची विद्यापीठं त्यांना सामावून घ्यायला पुढे आली. तिथे रँकिंगची यादी कुणी काढून बसलं नाही.

तुमच्या कॉलेजाच्या पाठीशी असा संघ नाही म्हणून अडून बसू नका. परदेशात शिकवणारे तुमचे माजी विद्यार्थी शोधा, एकच विषय घ्या, आणि पहिल्या वर्षी करारावर सही करूच नका. आमच्या पाण्याच्या वर्गालाही अजून करार नाही. सध्या बोर्ड ऑफ स्टडीजमध्ये, म्हणजे अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळात, वाद चाललाय तो त्याला क्रेडिट दोन द्यायची की चार, यावर. मी चारच्या बाजूने आहे.