काचेची नळी आणि स्टॉपवॉच: श्टाउडिंगर यांच्या फ्रायबुर्गमध्ये

फ्रँकफर्ट विमानतळाच्या लांब पल्ल्याच्या स्टेशनातून बाझेलकडे जाणारी आयसीई, म्हणजे जर्मनीची वेगवान रेल्वे, धरली, की दोन-सव्वादोन तासांत फ्रायबुर्ग येतं. तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त पडतं. जागेच्या आरक्षणाचे वेगळे पैसे लागतात, ते द्यावेत आणि जमलं तर उजव्या हाताची खिडकी घ्यावी. डावीकडे पुढे ब्लॅक फॉरेस्टचे डोंगर लागतात, म्हणून जाणते प्रवासी तिकडे बसतात. उजवीकडे आहे ऱ्हाइनचं सपाट खोरं, शेतं आणि विजेचे मनोरे. पण रबर, स्टार्चसारख्या पदार्थांचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या असतात, हे मांडणारे रसायनज्ञ हेर्मान श्टाउडिंगर यांच्या मागावर निघालेल्या माणसाचं सगळं काम उजवीकडेच आहे.

मानहाइम यायच्या आधी नदीपलीकडे वर्म्स राहतं. 23 मार्च 1881 ला त्यांचा जन्म तिथला. पुढे ओफेनबुर्ग येतं, त्याच्या पश्चिमेला नदीपल्याड स्ट्रासबुर्ग. तेव्हा ते जर्मनीत होतं. तिथं योहानेस थीले यांच्या प्रयोगशाळेत श्टाउडिंगर यांनी 1905 मध्ये कीटीन नावाचा अतिचपळ संयुगांचा एक नवा वर्गच शोधला. या दोन्हींच्या मधे कार्ल्सरूहला गाडी थांबते. 1907 ते 1912 ते तिथं प्राध्यापक होते. थांबा जेमतेम काही मिनिटांचा, पण पॉलिमरच्या, म्हणजे लहान रेणू एकमेकांना जोडून बनलेल्या पदार्थांच्या, गोष्टीला तोंड फुटतं ते इथं. त्या काळात नैसर्गिक रबराचे भाव चढलेले होते आणि कृत्रिम रबराच्या मागे सगळे रसायनज्ञ लागले होते. श्टाउडिंगर यांनी टर्पीनची वाफ तापलेल्या तारेवरून नेऊन आयसोप्रीन बनवायची रीत बसवली. आयसोप्रीन म्हणजे रबराची वीट. ती हातात आल्यावर पुढचा प्रश्न ओघानं आलाच: या विटा एकमेकींना नेमक्या कशा धरून असतात?

तेव्हाचं उत्तर सगळ्यांना मान्य होतं. कार्ल हारीस यांचं म्हणणं असं, की दोन-दोन आयसोप्रीन मिळून आठ कार्बनांची लहान कडी होते आणि अशा पुष्कळ कड्या एकमेकींना सैलसर चिकटून रबर बनतं. ही चिकटण्याची शक्ती दुहेरी बंधांच्या उरल्यासुरल्या ओढीतून येते, म्हणजे थीले यांच्या ‘आंशिक संयुजे’तून. रबर, सेल्युलोज, स्टार्च यांची द्रावणं कलिलासारखी, म्हणजे आत बारीक कण तरंगत असल्यासारखी, का वागतात, याचा उलगडाही त्यात होत होता. खरे रेणू लहानच, फक्त त्यांचे घोळके मोठे. हे उत्तर मूर्खपणाचं मुळीच नव्हतं. साबणाचे रेणू पाण्यात असेच घोळके करतात. श्टाउडिंगर यांच्यावरच्या बऱ्याच लेखांत विरोधकांना अडाणी ठरवून टाकतात, ते मला पटत नाही.

फ्रायबुर्ग स्टेशनातून बाहेर पडलं की बहुतेक पर्यटक नाकासमोर, म्हणजे पूर्वेला, जुन्या गावाकडे चालू लागतात. आपण उत्तरेला वळायचं. दहा-पंधरा मिनिटांत विद्यापीठाच्या विज्ञान संस्थांचा भाग लागतो आणि श्टेफान-मायर-श्ट्रासवर 31 नंबरला हेर्मान-श्टाउडिंगर-हाउस दिसतं. इमारत कामाची आहे, देखणी नाही. अमेरिकन आणि जर्मन रसायन संस्थांनी 19 एप्रिल 1999 ला हे ठिकाण आंतरराष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित केलं, त्याची पाटी इथं आहे. 1926 ते 1956 या काळात श्टाउडिंगर यांनी महारेणूंवरचं, म्हणजे अशा लांब साखळ्यांच्या अवाढव्य रेणूंवरचं, काम फ्रायबुर्गमध्ये केलं, अशी नोंद तिच्यावर आहे. हे संग्रहालय नव्हे, चालती संस्था आहे. पाटी वाचावी, फोटो काढावा आणि ओळखपाळख नसताना प्रयोगशाळांच्या मजल्यांवर भटकू नये. शनिवार-रविवारी तर दारं बंदच धरून चालावं.

एवढंच बघायला इतक्या लांब यायचं का, असं कुणी विचारेल. म्हणून इथं जे काम झालं ते डोक्यात घेऊनच यावं. आणि ते आपल्याकडच्या पुष्कळांनी स्वतःच्या हातांनी केलेलं आहे. पुणे-मुंबईकडे एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला ‘व्हिस्कॉसिटीवरून पॉलिमरचा रेणुभार काढा’, म्हणजे द्रावणाच्या दाटपणावरून (श्यानतेवरून) रेणूचं वजन काढा, असा प्रयोग असतो. जर्नलमध्ये उतरवून, सही घेऊन विसरलेला तो प्रयोग म्हणजेच फ्रायबुर्गची पुण्याई.

त्या काळात स्वीडनमध्ये उप्सालाला स्वेदबेरी यांचं अल्ट्रासेंट्रिफ्यूज होतं, म्हणजे द्रावण प्रचंड वेगानं गरगर फिरवून रेणूंचं वजन काढणारं यंत्र. ते अवाढव्य आणि महागडं. फ्रायबुर्गमध्ये होती ओस्टवाल्डची काचेची नळी: इंग्रजी यू अक्षरासारखी, एका बाजूला दोन खुणांमधला लहान फुगा, त्याखाली साधारण अर्धा मिलिमीटर भोकाची केशनलिका. द्रव वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत उतरायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. आधी नुसत्या द्रावकाचे, मग द्रावणाचे. दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागून एक वजा केला की विशिष्ट श्यानता मिळते. तिला संहतीनं, म्हणजे 100 मिलिलिटर द्रावणात किती ग्रॅम पॉलिमर आहे त्या आकड्यानं, भागायचं. 1930 मध्ये श्टाउडिंगर यांनी मांडलं, की हा भागाकार रेणुभाराच्या सरळ प्रमाणात असतो.

एक हिशेब करून बघा. एक लाख रेणुभाराचं पॉलिस्टायरीन, 25 अंश सेल्सिअसचं टोल्यूईन. अर्धा ग्रॅम पॉलिमर टोल्यूईनमध्ये विरघळवून एकूण 100 मिलिलिटर करायचं. रात्रभर झाकून ठेवावं आणि मधूनमधून बाटली हळूच फिरवावी. घाई केली तर बाहेरून फुगलेले, आतून सुके असे पारदर्शक गोळे राहतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण केशनलिकेत अडकतात. मग द्रावण बारीक छिद्रांच्या काचगाळणीतून गाळायचं. नुसतं टोल्यूईन 100 सेकंदांत उतरत असेल, तर या द्रावणाला सुमारे 125.1 सेकंद लागतील. निम्मं पातळ केलं की 112.1, आणखी निम्मं केलं की 105.9. भागाकार येतात अनुक्रमे 0.502, 0.484 आणि 0.472. हे बिंदू आलेखावर मांडून रेषा शून्य संहतीपर्यंत मागे ओढली की ती 0.46 च्या आसपास टेकते. कामाचा आकडा तो. एकाच द्रावणावरून उत्तर काढलं तर साखळ्या एकमेकींना अडवतात ती अडवणूकही रेणुभारात धरली जाते आणि उत्तर फुगतं.

घोटाळे होतात ते ठरलेल्या जागी. पहिलं म्हणजे पाण्याची टाकी. टोल्यूईनची श्यानता अंशामागे साधारण एका टक्क्यानं बदलते. द्रावक आणि द्रावण यांच्या मोजणीत एका अंशाचा फरक पडला, तर अर्ध्या टक्क्याच्या द्रावणात उत्तर पाचेक टक्क्यांनी चुकतं. पण तेच द्रावण दहापट पातळ असेल, तर चूक चाळीस टक्क्यांवर जाते, कारण मोजायचा फरकच मुळात दोन-सव्वादोन सेकंदांचा उरतो. म्हणून द्रावणाचा वेळ द्रावकाच्या 1.2 ते 2 पट राहील अशी संहती निवडतात. दुसरं, नळी तिरपी बसली तर द्रवाच्या स्तंभाची उभी उंची कमी होते आणि वेळ वाढतो. तिसरं, ओस्टवाल्डच्या नळीत प्रत्येक वेळी नेमकं तेवढंच द्रव घालावं लागतं. उबेलोडेच्या नळीला जास्तीची तिसरी बाहू असते, तिच्यामुळे ही अट सुटते आणि नळीतच द्रावण पातळ करत जाता येतं. रबराचं तर आणखी वेगळं दुखणं: हवेतला ऑक्सिजन आणि उजेड साखळ्या तोडतात, द्रावण ठेवलं की पातळ होत जातं आणि कालचा आकडा आज येत नाही.

नियमात स्वतःतही खोट होती. वजन दुप्पट झालं तर आकडा दुप्पट व्हायला हवा, असं श्टाउडिंगर म्हणत. वरच्या पॉलिस्टायरीनसाठी तो भरतो सुमारे 1.65 पट, कारण सूत्रात रेणुभाराचा घातांक 1 नसून 0.72 च्या आसपास असतो. द्रावक बदलला की घातांकही बदलतो. गंमत अशी, की त्यांच्या डोळ्यांपुढे साखळी म्हणजे ताठ काठी होती. वेर्नर कून यांनी 1934 मध्ये गणित करून दाखवलं, की काठी खरोखर ताठ असती तर घातांक 2 च्या जवळ गेला असता. म्हणजे नियम साधारण चालत होता तो साखळ्या लवचिक असल्यामुळे, आणि नियम मांडणाऱ्यालाच ते मान्य नव्हतं. या हट्टापायी त्यांची हेर्मान मार्क यांच्यासारख्या आपल्याच बाजूच्या लोकांशीही जुंपली.

तरीसुद्धा वाद त्यांनीच जिंकला, कारण नळीच्या जोडीला त्यांच्याकडे खरी रसायनज्ञाची युक्ती होती. घोळका दुहेरी बंधांच्या ओढीनं टिकत असेल, तर ते बंध हायड्रोजननं भरून टाका. ओढ संपेल, घोळका सुटेल आणि सहज ऊर्ध्वपातन होणारे लहान रेणू हाती लागतील. 1922 मध्ये झुरिकला याकोब फ्रिट्शी यांच्यासोबत त्यांनी रबरावर हाच प्रयोग केला. हायड्रोजन भरलेलं रबर पहिल्यासारखंच राहिलं: कलिल द्रावण देणारं, ऊर्ध्वपातनाला दाद न देणारं. ‘महारेणू’ हा शब्द आला तो त्याच निबंधात. पुढे फ्रायबुर्गमध्ये हीच युक्ती त्यांनी फिरवून फिरवून वापरली. स्टार्चचं ॲसिटेट करा, ते वेगळ्या द्रावकात विरघळवून मोजा, पुन्हा स्टार्च करा आणि मोजा. दर वेळी साखळीतल्या कड्यांची संख्या जवळपास तीच. नुसता घोळका असता तर इतक्या वेळा अंगरखा बदलल्यावर तो तेवढाच्या तेवढा कसा राहिला असता?

संस्थेकडून परत दक्षिणेला चालत यावं. जुन्या गावात रस्त्यांच्या कडेनं ड्रायझाम नदीचं पाणी उघड्या पन्हळींतून वाहतं. त्यांना बेख्ले म्हणतात. वर बघत चालणाऱ्याचा पाय हमखास त्यात जातो. गेला तर फ्रायबुर्गच्याच माणसाशी लग्न होतं, असं तिथले लोक सांगतात.

विद्यापीठाच्या मुख्य इमारतीच्या दाराशी होमर आणि ॲरिस्टॉटल यांचे पुतळे बसलेले आहेत आणि तांबूस दगडी भिंतीवर मोठ्या अक्षरांत कोरलंय, ‘सत्य तुम्हांला मुक्त करील’. 1933 मध्ये या विद्यापीठाचे रेक्टर होते तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर. पहिल्या महायुद्धाच्या वेळी श्टाउडिंगर झुरिकला होते. त्यांनी युद्धाविरुद्ध लिहिलं होतं आणि विषारी वायूच्या वापरावरून, कार्ल्सरूहचे जुने सहकारी फ्रिट्झ हाबर यांच्याशी त्यांचा खटका उडाला होता. तेच प्रकरण उकरून हायडेगर यांनी त्यांची तक्रार नाझी सरकारकडे पोहोचवली आणि फेब्रुवारी 1934 मध्ये त्यांना काढून टाकावं असं लिहूनही दिलं. श्टाउडिंगर यांच्याकडून राजीनामा लिहून घेतला आणि तो टांगता ठेवला. अखेर तो वापरला गेला नाही. ती कोरीव अक्षरं तेव्हाही तिथंच होती.

तिथून कॅथीड्रल पाच-सात मिनिटांवर. चौकात रविवार सोडून रोज सकाळी बाजार भरतो. खायचं असेल तर दुपारच्या आत पोचावं, नंतर टपऱ्या आवरायला घेतात. 116 मीटरचा मनोरा 27 नोव्हेंबर 1944 च्या बॉम्बहल्ल्यातून वाचला, भोवतालचं गाव आणि विद्यापीठाची रसायनशास्त्राची इमारत मात्र वाचली नाही. श्टाउडिंगर तेव्हा त्रेसष्ट वर्षांचे. पुन्हा मांडामांड झाली. 1947 मध्ये महारेणूंना वाहिलेलं नियतकालिक निघालं, आणि 1953 मध्ये नोबेल मिळालं तेव्हा वय बहात्तर होतं. लाटव्हियाच्या वनस्पतिशास्त्रज्ञ माग्दा या त्यांच्या पत्नी. लग्न झाल्यापासून त्या या कामात सोबत होत्या. पाट्यांवर त्यांचं नाव शोधावं लागतं.

हाताशी आणखी एक दिवस असेल तर झुरिक करावं. बाझेलला गाडी बदलून साधारण दोन तास. झुरिक स्टेशनासमोरचा पूल ओलांडला की सेंट्राल चौकातून पॉलीबान ही तांबडी चिमुकली गाडी दोराच्या ओढीनं टेकडी चढते आणि ईटीएचच्या, म्हणजे झुरिकच्या तंत्रविद्यापीठाच्या, गच्चीपाशी सोडते. श्टाउडिंगर 1912 ते 1926 इथं होते. 1920 चा ‘पॉलिमरायझेशनविषयी’ हा निबंध इथूनच गेला; जर्मन रसायन संस्थेच्या ‘बेरिश्टे’च्या 53 व्या खंडात तो पान 1073 वर सुरू होतो. पॉलिस्टायरीन, पॉलीऑक्सिमेथिलीन आणि रबर या तिन्ही लांब साखळ्या आहेत आणि त्यांतले बंध साध्या रेणूंतल्यासारखेच आहेत, असं त्यात सरळ मांडलंय. साखळीच्या दोन्ही टोकांना काय असतं, याचं समाधानकारक उत्तर मात्र तिथं मिळत नाही. ते बरंचसं मिळालं 1937 मध्ये, अमेरिकेत, पॉल फ्लोरी यांच्याकडून.