देवाची अबोली

गोव्यात, डिचोलीच्या आमच्या घरात माणसे नऊ, आणि बाहेरच्या खोलीच्या भिंतींचे रंग या एप्रिलपर्यंत दीड होते. म्हणजे एक पांढरा, आणि ओल धरून पिवळट पडलेला तोच पांढरा. घर रंगवायचे असे आमच्याकडे दरवर्षी चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला ठरते, कारण गणपतीच्या वर टांगायची फळापानांची माटोळी बांधायला शिडीवर चढलेला माणूस भिंतीचा वरचा भाग जवळून पाहतो आणि खाली उतरल्यावर गप्प बसत नाही. मग दिवाळी येते, लग्नसराई येते, मुलांच्या परीक्षा येतात, आणि पाऊस तोंडावर आला की ‘आता पुढच्या वर्षी’ म्हणून विषय मिटतो. यंदा मात्र थोरल्या दिरांनी निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात टेप काढली आणि खोली मोजून टाकली: १२ बाय १४ फूट, उंची ११, म्हणजे चार भिंती मिळून ५७२ चौरस फूट, त्यातून दोन दारे आणि दोन खिडक्यांचे ८१ वजा, उरले ४९१. आमच्या घरात एखादा आकडा भाऊजींच्या वहीत उतरला की ती गोष्ट ठरली असे धरतात. रंग कोणता, एवढेच काय ते बाकी होते.

दुकानातून शेड कार्ड आणले. कार्ड कसले, लग्नाच्या अल्बमाएवढे बाड होते ते. पानापानावर इंचभर लांबीचे चौकोन, प्रत्येकाखाली एक क्रमांक आणि एक इंग्रजी नाव. नावे अशी, की वाचून कुठलाच रंग डोळ्यांसमोर येऊ नये. कशात धुके, कशात कुजबुज, कशात कुठल्याशा परक्या गावची संध्याकाळ. माझ्या मुलीने सासूबाईंच्या शेजारी बसून त्यांचे अर्थ सांगायला सुरुवात केली. सासूबाईंनी दोन पाने ऐकून घेतली आणि विचारले, “यात अबोली कुठे आहे?”

सासूबाईंचा रंगांचा सगळा कोश लुगड्यांच्या दुकानातून, परसातून आणि स्वयंपाकघरातून आलेला आहे. मोतिया, बदामी आणि गव्हाळ हे तीन वेगळे रंग आहेत, आणि त्यांतला कुठला कुठे संपतो हे त्यांना डोळे मिटून सांगता येते. कोनफळी म्हणजे जांभळा नव्हे. चिंतामणी कसा असतो ते समजावून सांगता येत नाही, पण तसले लुगडे समोर आले की ओळखता येते. आमसुलीत वाळलेल्या सोलाचा निराळा आणि पाण्यात भिजलेल्या सोलाचा निराळा. सोलकढीचा त्याहून निराळा, आणि नारळाचा रस किती पडला यावर त्याच्याही दोन-तीन पायऱ्या आहेत. अबोलीचेही तसेच. त्यांना हवी होती ती देवाला वाहिलेली, रात्रभर देव्हाऱ्यात राहून सकाळी किंचित मवाळ झालेली अबोली. वेणीतली ताजी, भडक अबोली नव्हे. कार्डावर ‘पीच’ कुळातले अकरा चौकोन होते. त्यांनी अकराही नाकारले.

दुसऱ्या दिवशी केळीच्या पानात निर्माल्यातली अबोली बांधून आम्ही दोघी दुकानात गेलो. दुकानदार सभ्य होता. त्याने ते रंग ओळखणारे छोटे यंत्र पाकळ्यांवर टेकवले, आकडा आला, मशीनने पांढऱ्या बेसमध्ये थेंब थेंब मोजून रंग सोडले, डबा गदागदा हलला आणि झाकण उघडल्यावर आत तापाच्या गोळीचा रंग निघाला. यंत्राची चूक नसावी. पाकळी पातळ असते, तिच्यातून उजेड आरपार येतो आणि आपण त्या उजेडालाच रंग समजतो. भिंतीतून काही आरपार येत नाही. शिवाय दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दिसलेला रंग घरच्या उन्हात तसाच दिसेल याची खात्री कोणीच देत नाही. लहानसा डबा पैसे देऊन घरी आणावा लागला, ही गोष्ट आम्ही भाऊजींच्या वहीत जाऊ दिली नाही.

दरम्यान रविवारी सगळे पणजीला गेले होते आणि थोरला पुतण्या तिथून फोंतैनस या जुन्या वस्तीतल्या घरांचे फोटो काढून घेऊन आला: निळ्या, पिवळ्या, विटकरी भिंती आणि खिडक्यांभोवती ओढलेल्या पांढऱ्या रेघा. पोर्तुगीज काळात पांढरा शुभ्र रंग चर्चसाठी राखलेला असे, घरांना दुसरा रंग द्यावा लागे, असे त्या भागाबद्दल सांगतात. पुतण्याला बाहेरच्या खोलीत तोच गडद निळा हवा होता. माझ्या मते तो निळा तिथल्या गल्लीत, माथ्यावरच्या उन्हात आणि बाहेरच्या अंगालाच शोभतो. आत चार भिंतींना दिला तर दुपारी तीन वाजता विहिरीत बसल्यासारखे वाटेल. हे मी बोलून दाखवले आणि दोन दिवस घरातल्या तरुण वर्गाशी माझा अबोला राहिला. अबोलीचा विषय चालला असताना अबोला, असा विनोद ह्यांनी केला. त्यावर कोणीही हसले नाही.

शेवटी मेस्ताने तोडगा काढला. हा रंगारी आमच्याकडे बापाच्या वेळेपासून येतो आणि फारसा बोलत नाही. “कार्ड मिटा,” तो म्हणाला, “भिंतीवर बघा.” ज्याला जो हवा त्याचा दोन-दोन फुटांचा चौकोन त्याने पूर्वेच्या भिंतीवर ओढून दिला आणि खाली पेन्सिलीने कोणाचा ते लिहिले. सहा चौकोन झाले. ते आम्ही तीन दिवस पाहिले आणि तेवढ्यात कार्डावरची अर्धीअधिक भांडणे आपोआप मिटली. जाऊबाईंचा लिंबू रंग सकाळी सुरेख दिसे, पण खिडकीबाहेर पोफळींचे कुळागर आहे, त्याचा हिरवा उजेड दहानंतर आत आला की तो आजारी माणसासारखा हिरवट पडे. ह्यांचा बदामी रात्री दिव्यात नुसता मळका दिसे. शिवाय चौकोनात सौम्य वाटलेला रंग चारी भिंतींना चढला की गडद होतो, कारण समोरासमोरच्या भिंती आपला रंग एकमेकींवर टाकत राहतात. म्हणून आवडला त्याहून एक पायरी फिका घ्यावा, हा मेस्ताचा नियम.

तोवर भिंत खरवडायला घेतली होती. खालच्या तीन फुटांत ओलीने पोपडे धरले होते. सहा वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने ‘कायमचा उपाय’ म्हणून पुट्टी आणि वर प्लॅस्टिकचा रंग चढवून दिला होता. पण आमच्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या. चिरा जमिनीतली ओल वर ओढतो, जुना चुन्याचा गिलावा ती हळूहळू बाहेर सोडतो, आणि वर पापुद्रा बसवला की ओल त्याच्या मागे अडकून फुगे येतात. मेस्ताची पटाशी एका फुग्याखाली गेली आणि तळहाताएवढा पापुद्रा सुटून आला. त्याच्या कडेला रंग एकावर एक बसलेले दिसत होते: वर तो कायमचा पांढरा, त्याखाली पिस्त्याचा डिस्टेंपर, त्याखाली नीळ घातलेला चुना, आणि सर्वांत तळाशी, जमिनीलगत, कावेचा तांबडा पट्टा. सासूबाईंनी तो तुकडा हातात घेतला. पिस्ता म्हणजे भाऊजींच्या मुंजीचा. निळसर चुना सासूबाईंच्या स्वतःच्या लग्नाचा. तांबडा त्यांच्याही आधीचा; त्याच कावेचा थर चुन्यावर देऊन, तो कोरून खालचा पांढरा दाखवणारी नक्षी गोव्यातल्या काही जुन्या देवळांच्या भिंतींवर आहे, तेव्हा आमच्या पूर्वजांनी निदान पट्टा तरी ओढला होता. तुकडा त्यांनी पदराने पुसून देव्हाऱ्याच्या खणात ठेवला. आता तो तिथून कोणी काढणार नाही.

त्या आठ दिवसांत नऊ माणसांचा संसार पडवीत होता. कपाटे भिंतीपासून सुटली, त्यांच्यामागे पुतणीचे दुसरीतले प्रगतिपुस्तक सापडले, जे हरवले असे तिने तेव्हा शपथेवर सांगितले होते. देव मात्र हलवले नाहीत.

प्लॅस्टिकचा रंग गिलाव्यापर्यंत खरवडून काढायचा आणि पुन्हा चुनाच द्यायचा, असे मेस्ताने सुचवले आणि भाऊजींनी हिशेब करून मान्य केले. चुना कसा लागतो ते पाहायला त्याने बादलीत चुना कालवला, त्यात मूठभर पिवडी आणि चिमूट-चिमूट काव घातली, डिंकाचे पाणी ओतले आणि दुसऱ्या व तिसऱ्या चौकोनांमध्ये राहिलेल्या मोकळ्या जागेत कुंचला फिरवला. चुन्यात मातीचेच रंग टिकतात, बाकीचे पुष्कळसे उडतात, एवढे एक वाक्य तो बोलला. ओला असताना तो रंग गढूळ विटेसारखा दिसत होता. कोणी त्याच्याकडे वळूनही पाहिले नाही. त्याखाली नावही लिहिले नव्हते.

चुना वाळतो म्हणजे नुसते पाणी उडत नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगडासारखा होत जातो, आणि तसा होताना त्याचा रंग बराच उजळतो. तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई देवपूजा आटोपून, हातात निर्माल्याची परडी घेऊन बाहेर आल्या आणि भिंतीपाशी थांबल्या. परडीतले एक फूल उचलून त्यांनी त्या बिननावाच्या चौकोनावर धरले. मी चहाचे कप घेऊन मागे उभी होते. फुलाची कड भिंतीत कुठे मिसळते ते मला तरी दिसेना.

जून लागायच्या चार दिवस आधी खोली पूर्ण झाली. डिंक घातला असला तरी पहिला महिनाभर पाठ टेकली की सदऱ्यावर अबोली उमटत होती, आणि भाऊजींची त्याबद्दलची तक्रार अजून चालू आहे. “टेकू नये,” एवढेच सासूबाई म्हणतात. पावसाळाभर मात्र भिंतीला फुगा आलेला नाही. ओल येते, गडद डाग दिसतो, ऊन पडले की निघून जातो.

यंदाच्या चवथीला माटोळी बांधताना शिडीवरून कोणी काही बोलले नाही. आले-गेले मात्र विचारत होते, रंग कुठला म्हणून. जाऊबाईंनी पीच सांगितले. मुलीने कार्डावरचे एक धुक्याचे नाव सांगितले, जे त्या रंगाचे नव्हतेच. भाऊजींनी वही काढून चुन्याचे किलो सांगितले. सासूबाई अबोली म्हणाल्या आणि कुठली अबोली तेही सांगू लागल्या. शेजारच्या काकूंना घर रंगवायचे होते, म्हणून त्यांनी पडवीत प्रसाद घेत बसलेल्या मेस्तालाच नीट विचारून घेतले.

“तो होय?” मेस्त म्हणाला. “तो डावीकडून तिसरा.”