तुम्ही विचारलंत म्हणून: शंखातला खेकडा खरा का नाही?

प्राणिशास्त्र शिकवत असल्यामुळे कोकणात माझ्याबरोबर किनाऱ्यावर आलेला प्रत्येक जण शंख पाठीवर घेऊन पळणारा तो प्राणी दाखवून विचारतो, ‘हा खेकडाच ना?’ मी ‘नाही’ म्हटले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘मग खरा कोणता?’

याचे निम्मे उत्तर बाजारात चिंबोरी निवडणाऱ्या बाईला ठाऊक असते. ती चिंबोरी उलटी करून पोटाखालची दुमडलेली पट्टी पाहते. पट्टी अरुंद असेल तर नर, रुंद व गोलसर असेल तर मादी. ही पट्टी म्हणजे खेकड्याचे उदर. कोळंबी सोलल्यावर आपण जो भाग खातो तोच, पण येथे चपटा होऊन छातीखाली घट्ट बसलेला. खऱ्या खेकड्यांच्या गटाचे ‘ब्रॅकियुरा’ हे नाव ‘आखूड शेपटीचे’ याच अर्थाचे आहे. शंखातल्या प्राण्याचे उदर मात्र मऊ आणि पिळदार असते, म्हणूनच त्याला उसने घर लागते. त्याचा गट ॲनोम्युरा. हा ब्रॅकियुराच्या सर्वांत जवळचा, त्यामुळे त्याला खेकड्याचा चुलतभाऊ म्हणण्यास माझी हरकत नाही.

खरा घोटाळा ॲनोम्युरातले काही जण हुबेहूब खेकड्यासारखे दिसू लागल्याने होतो. उत्तर पॅसिफिकमधला अवाढव्य किंग क्रॅब शंखवासी पूर्वजांपासून आला, याची खूण मादीच्या वाकड्या, असमान उदरात आजही उरली आहे. खेकड्याचा आकार असा पुन्हा पुन्हा घडण्याला ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ बोराडेल यांनी १९१६ साली ‘कार्सिनायझेशन’ म्हटले.

खऱ्या खेकड्यांची आतली वाटणी फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ डॅनिएल गिनो यांनी १९७७ साली जननछिद्रांच्या जागेवरून केली: काहींत नर-मादी दोघांचीही छिद्रे पायांच्या बुडाशी, काहींत मादीची छातीवर सरकलेली, तर वाळूत बिळे करणाऱ्या खेकड्यांत दोघांचीही छातीवर. यातला पहिला गट म्हणजे एकच घराणे नसून वेगवेगळ्या वेळी फुटलेल्या जुन्या फांद्या आहेत, असे पुढे डीएनएच्या अभ्यासांतून दिसले.

भातखाचरातले मुठे मात्र निःसंशय खरे खेकडे. चिंबोरीची मादी अंडी सोडण्यासाठी खाडीतून समुद्राकडे जाते आणि तिची पिल्ले सुरुवातीला पाण्यात तरंगणाऱ्या डिंभाच्या (लार्व्हाच्या) रूपात असतात; मुठ्याच्या अंड्यातून थेट इवलासा खेकडाच बाहेर येतो आणि काही काळ आईच्या त्याच पट्टीखाली राहतो. प्रवाहाबरोबर दूर जाणारा डिंभच नसल्याने मुठ्यांना फारसे पसरता येत नाही, आणि सह्याद्रीत थोड्या थोड्या अंतरावर त्यांच्या जाती बदलत जातात.