पायांची गिनती

मुक्कामावर रात्री माणसं मोजायची असतील तर तोंडं बघत फिरू नये. दमलेला वारकरी डोक्यावरून चादर ओढून झोपतो, कोण कुठला काही कळत नाही. पाय मात्र उघडे असतात. राहुटीच्या कडेकडेनं बॅटरी खाली धरून जायचं, पाय मोजायचे, दोननं भागायचं. ही रीत आप्पांची.

आप्पा म्हणजे माझे वडील. १९६९ ला बेळगावच्या सेंटरला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले, १९९३ ला हवालदार म्हणून पेन्शनीत आले आणि पुढच्याच आषाढीला माऊलींच्या पालखीबरोबर चालायला लागले. नोकरीत असताना सुट्टी कधी पेरणीला मिळाली, कधी कुणाच्या लग्नाला. आषाढीला मिळाली नाही ती नाहीच. गळ्यात माळ घातल्यावर कॅन्टीनच्या रमचा कोटा सुटला, त्याचं दुःख त्यांच्यापेक्षा गावातल्या चार-सहा जणांना जास्त झालं. त्यानंतर वारी चुकली नाही. २०२० आणि २०२१ ला पादुका एसटीनं गेल्या, तेव्हाही ओट्यावर बसून रोज संध्याकाळी आईला सांगायचे, "आज वाल्हे. आज लोणंद." गेल्या कार्तिकात गेले.

घरात ते फौजेतल्यासारखेच वागायचे. चपला एका ओळीत, पांघरुणाची घडी चौकोनी, शाळेला निघताना नखं दाखवायची. मला ते कधी आवडलं नाही, खोटं कशाला बोलू. पुण्यात नोकरी धरली त्यात या घड्यांपासून पळणंही होतं. "वारीला ये की एकदा," असं त्यांनी मला तीनदा म्हटलं. चौथ्यांदा म्हटलं नाही.

ज्येष्ठात दिंडीच्या विणेकऱ्यांचा फोन आला. "हवालदारांची वही आन् शिट्टी हितं पेटीत हाय. वही चालवाय मानूस पायजे." वारीला या, असं ते म्हणालेच नाहीत.

वही लांबडी, शंभर पानी. प्रत्येक वारीला दोन पानं. डावीकडे मुक्काम, उजवीकडे आकडा. बायकांच्या राहुट्यांचा आकडा हंडेवाल्या मावशी आणून द्यायच्या, तो वेगळा. पुरुषांच्या राहुट्यांतले पाय आप्पा मोजायचे, स्वतःचे दोन धरून, आणि भागाकार तोंडी करून वहीत पायच लिहायचे. सासवड, जेजुरी, वाल्हे, सगळे आकडे सम. लोणंदपासून पुढं पंढरपूरपर्यंत विषम. दरवर्षी. आळंदीत इंद्रायणीच्या काठावर बसून मी वही चाळली आणि मनात म्हटलं, आप्पांचं गणित कच्चंच होतं म्हणायचं.

आळंदीच्या महाद्वारात हैबतबाबांची पायरी आहे. हैबतबाबा आरफळकर आमच्या सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी सरदार. पूर्वी वारकरी माऊलींच्या पादुका गळ्यात बांधून न्यायचे. पालखी, घोडे, दिंड्यांचा क्रम, हा सगळा लवाजमा १९ व्या शतकाच्या पूर्वार्धात या माणसानं लावून दिला. घोडे आजही अंकलीच्या शितोळे सरकारांचे असतात, बेळगाव जिल्ह्यातून चालत आळंदीला येतात. आप्पा हे येईल त्याला सांगायचे. "वारी फौजी मानसानं बांधलीया. आन् घोडी आमच्या बेळगावची." (अंकली बेळगाव शहरापासून चांगली लांब आहे, पण ते त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.) पहाटे कर्णा तीनदा होतो. पहिल्याला आवरायचं, दुसऱ्याला दिंडीत उभं राहायचं, तिसऱ्याला पालखी हलते. चोवीस वर्षं बिगुलावर उठलेल्या माणसाला इथं काही नवीन शिकावं लागलं नसेल.

पुणे ते सासवड तीस किलोमीटरच्या वर, त्यात दिवे घाट. घाटाचं वर्णन सगळेच करतात, फोटोही सगळ्यांकडे आहेत. माझ्या लक्षात राहिले ते माझे फोड. दोन्ही टाचांना एकेक आणि उजव्या अंगठ्याखाली रुपयाएवढा. सासवडला एक पखवाजवाले बुवा काही न विचारता माझ्या पायाशी बसले. पाय मांडीवर घेतला, सुईत दोरा ओवला, सुई मेणबत्तीवर धरली आणि फोडातून आरपार काढली. दोरा आत तसाच ठेवला, दोन्ही टोकं बाहेर. "पानी निथळून जाईल. कातडं सोलू नगा. हवालदारांनीच शिकीवलंय."

मग हळूहळू कळत गेलं. फौजेत रूट मार्चनंतर जवानांचे पाय तपासतात. आप्पा ती तपासणी दिंडीत घेऊन आले होते. रोज हरिपाठ झाला की तेलाची बाटली आणि बॅटरी घेऊन ते राहुट्यांतून फिरायचे आणि एकेकाचे पाय बघायचे. भेगा, नखुरडं, चिखल्या. शेतमजूर असो की सोनार, पाय मांडीवर घ्यायचे. वारीत कुणीही कुणाच्या पाया पडतो, त्यामुळं हवालदार पायाशी बसलाय याचं तिथं कुणाला नवल नव्हतं. नवल मला एकट्याला. माझी नखं ते लांबून बघायचे.

जेजुरीच्या तळावर समाजआरतीला मी पहिल्यांदा नीट उभा राहिलो. सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोळा होतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात, शेजारच्याचा शब्द ऐकू येत नाही. चोपदार दंड उंच करतात, "होऽऽ" असा पुकारा होतो आणि सगळं थांबतं. एकदम. इतकं, की लांबचा जनरेटर ऐकू येतो. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर तेवढी दिंडी टाळ वाजवतच राहते. चोपदार तिथं जातात, गाऱ्हाणं ऐकून घेतात, मगच आरती. घरी आप्पांपुढं मी शांत राहायचो, ती शांतता मला भीतीची वाटायची. इथं गप्प झालेल्या लाखभर माणसांत भ्यालेलं कुणी दिसलं नाही.

नीरेत पादुकांना स्नान झालं आणि सातारा जिल्हा लागला. लोणंदला नाना आले.

नाना आप्पांच्या पलटणीतले. दहाव्याला येऊन एका कोपऱ्यात बसून गेले होते, तेवढीच माझी ओळख. दरवर्षी ते लोणंदला दिंडीत येतात, थोडं चालतात, थोडं ट्रकात बसतात. त्या रात्री मी पाय मोजले. १०७. परत मोजले, १०७. तिसऱ्यांदा मोजताना खांबाला टेकवून ठेवलेला तो पाय दिसला. गुडघ्याखालचा, बुटासकट. वानवडीच्या कृत्रिम अवयव केंद्रातला, नानांचा कितवा तरी. ५३ माणसांचे दोन-दोन आणि नानांचा एक. आप्पांचं गणित बरोबर होतं. आकडा विषम आला की सगळे हजर.

१९७१ च्या लढाईबद्दल आप्पांनी मला एकच गोष्ट सांगितली होती, तीही हसत. जमालपूरला पाकिस्तानी छावणीला आमच्या ब्रिगेडनं शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, तर तिकडच्या कर्नलनं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून परत पाठवली. "मग काय, १० डिसेंबरच्या राती भाईर पडाया बघत हुते, आमी रस्त्यावरच बसलो हुतो." पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण. दुसऱ्या दिवशी जमालपूर पडलं, १६ तारखेला ढाका. ट्रंकेत त्या लढाईची 'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम मेडल' ही पदकं आहेत, ती आप्पांनी कधी काढून दाखवली नाहीत. आम्हीच लहानपणी चोरून बघायचो.

तरडगावला चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण बघून आल्यावर नाना ट्रकाच्या सावलीत बसले होते. मी विचारलं नव्हतं. त्यांनीच काढलं. "जमालपूरच्या अलीकडंच सुरुंगावर पाय पडला. तुझ्या बानं पाठुंगळी घेतलं. आन् चालताना मोठ्यानं पावलं मोजाया लागला. एक, दोन, तीन... मी म्हनलं, लेका, दुश्मन ऐकंल की. तर म्हनला, तू झोपू नगंस म्हनून मोजतोय. आटशेच्या पुढचं काय मला आठवत न्हाई." मग तंबाखू मळत म्हणाले, "मी शिपाईच ऱ्हायलो, पायामुळं मेडिकल बोर्डावर घरी आलो. त्यो हवालदार झाला. हिशोबात पक्का हुता."

फलटणला ट्रकचा ड्रायव्हर मला म्हणाला, "यंदा मोजा न्हाई का वाळत घालायचा?" मला कळलं नाही. पाऊस चालू होता, मी हो-हो केलं आणि विसरलो.

बरड, नातेपुते, माळशिरस. सदाशिवनगरला गोल रिंगण झालं. घोड्याच्या टापेखालची माती मीही कपाळाला लावली, आधी लाजत, मग सगळे लावतात म्हणून. पाऊस पाठ सोडत नव्हता. राहुटीत पाणी, अंथरूण ओलं, आणि तरी पहाटे कर्ण्याला माणसं हसत उठायची, हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही.

वेळापूरच्या अलीकडं उतारावर धावा होतो. इथं तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, असं सांगतात. पताका, टाळ, तुळशी डोक्यावर घेतलेल्या बायका, सगळे उतारावरून पळतात. मीही पळालो. किती वर्षांनी पळालो असेन. खाली पोचून गुडघ्यांवर हात टेकवून हसत उभा राहिलो तेव्हा विणेकऱ्यांनी विचारलं, "नाना कुटं?" मागं बघितलं तर नाना चिखलातून एकटेच येत होते, काठी टेकत, घाईघाईनं. "हवालदार कदी पळायचे न्हाईत," विणेकरी एवढंच म्हणाले. "त्ये नानांचा हात धरून मागनं यायचे."

त्या रात्री पाय १०८ आले.

आधी वाटलं, कुणी परका येऊन झोपला असेल. पावसात येतात. तोंडं बघत फिरलो, सगळे आपलेच. मग खांबापाशी बॅटरी मारली. खांबाला काही टेकवलेलं नव्हतं.

नाना जागेच होते. पाय चढवलेलाच, बूट चादरीच्या बाहेर.

"काढला न्हाई?"

"सुजलंय. काढला तर सकाळच्याला चढायचा न्हाई."

"आप्पा काय करायचे?"

ते जरा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "गार पान्याचं फडकं. आन् मोजा वाळवायचा. वला मोजा घातला की कातडं जातंय."

मी बसलो. पट्टा सोडला, पाय ओढला. ओढताना नानांनी दात खाल्ले पण आवाज काढला नाही. आतला मोजा चिंब, कडेला रक्त लागलेलं. कळशीतल्या पाण्यात पंचा भिजवून तो आखूड पाय मांडीवर घेतला. तो इतका हलका असेल असं वाटलं नव्हतं. फडकं तीन-चारदा बदललं. नाना मधेच म्हणाले, "जरा खाली. हां, तितं," आणि पुढच्या बोलण्याला घोरण्याचा आवाज आला.

मोजा पिळून ट्रककडं गेलो. संध्याकाळी सामान घेऊन उशिरा पोचलेला ट्रक, बॉनेट अजून गरम होतं. मोजा पसरला, वर घमेलं पालथं घातलं. ड्रायव्हर केबिनमधून डोकावला आणि काच परत वर केली.

येऊन पाय पुसून खांबाला टेकवला आणि एका टोकापासून परत सुरुवात केली. शेवटी माझे दोन धरले. मग वही काढून लिहिलं: वेळापूर, १०७.