पापुद्रा

हॉटेलच्या किचनमध्ये चार वर्षं मी ओनियन रिंग्ज तळल्या, पण एकही स्वतः केली नव्हती. तिथे त्या पिशवीतून यायच्या, गोठवलेल्या आणि सगळ्या एका मापाच्या. पिशवी फोडायची, जाळी तेलात सोडायची, टायमर वाजला की उपसायची. अशा बऱ्याच तयार रिंग्जमध्ये कांद्याचं चक्रसुद्धा नसतं. बारीक चिरलेला कांदा बांधून साच्यातून गोल काढलेला असतो. त्यामुळे दात लावला की सरळ तुकडा तुटतो, आख्खा कांदा बाहेर ओढला जात नाही.

हे सगळं मला आठवलं नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, दुपारी साडेतीनला, पहिला घाणा कढईतून काढताना. आता मी नाशिकला घरूनच ऑर्डरी घेते. त्या दिवशी एका मुलाचा वाढदिवस होता. पस्तीस पोरं, प्रत्येकी चार रिंग्ज, संध्याकाळी सहाला. "हॉटेलात मिळतात तशाच हव्यात हं," मुलाच्या आईने दोनदा बजावलं होतं. पंधरा दिवस आधी घरी करून बघितल्या तेव्हा झकास झाल्या होत्या, म्हणून मी बेधडक हो म्हटलं.

झाऱ्यावर आलं ते असं: कोट एकीकडे, कांदा एकीकडे. कोट तरी कसला, तेल प्यायलेली सालं.

मदतीला येणाऱ्या मावशी डोकावल्या. "ताई, अंगरखा घातलात, पण बंद बांधायचे राहिले."

मावशींनी पंधरा वर्षं स्टँडजवळच्या गाडीवर कांदाभजी तळली आहे. त्यांच्या हाताला चूक काढणं म्हणजे धाडसच. पण परातीत हात घातला तर खाली पाणी साचलेलं. "मावशी, मीठ लावलंत का कांद्याला?"

"म्हणजे काय? मिठाशिवाय कांदा सुटेल कसा?"

त्यांचंही बरोबरच. खेकडा भजीचा सगळा जीव त्या पाण्यात असतो. मिठाने कांदा पाणी सोडतो, तेवढ्यातच बेसन कालवायचं, वरून थेंबही घालायचा नाही. रिंगचं गणित नेमकं उलटं. कांद्यात दहातले जवळजवळ नऊ भाग पाणीच असतं. ते बाहेर आलं की पीठ धरत नाही आणि तेलात त्याची वाफ होऊन कोट फुगून सुटतो. त्यात मी घरी करून बघितल्या होत्या त्या कांदा साठवायच्या चाळीतल्या उरल्यासुरल्या उन्हाळ कांद्याच्या, साठवणीत चांगला सुकलेल्या. आज मात्र दिसायला देखणा म्हणून नवा लाल कांदा पाच किलो उचलला होता. हा रसरशीत, टिकत नाही तो याच ओलाव्यामुळे.

मीठ लावलेली परात मावशींच्या भज्यांसाठी बाजूला सरकवली. उरलेला कांदा पुन्हा चिरला, चक्र्या जवळजवळ सेंटिमीटरभर जाड. सुती कापडावर पसरून टिपून घेतला. तरी पुढच्या चार रिंग्जपैकी दोन सुटल्याच. एक गार झाल्यावर उलगडून पाहिली, तर कोटाच्या आतल्या बाजूला काचेच्या कागदासारखं काहीतरी चिकटून आलेलं. पापुद्रा! कांद्याच्या दोन पाकळ्यांमधला तो पातळ पडदा. तो निसरडा, पीठ बसतं ते त्याच्यावर, आणि तो निघाला की कोटाला घेऊनच निघतो. प्रत्येक रिंगच्या आतून नखाने टोक उचलून तो सोलायचा. एकशेचाळीस वेळा.

मावशी काही न बोलता पाटावर बसल्या आणि सोलायला लागल्या. मी पिठाकडे वळले. दोन वाट्या मैदा, एक वाटी कॉर्नफ्लोर, मीठ आता इथे, दीड चमचा बेकिंग पावडर, आणि अगदी शेवटी बर्फासारखा गार सोडा. गाठी राहिल्या तर राहू द्यायच्या. घोटत बसलं की मैद्याला चिकटपणा सुटतो आणि कोट चिवट होतो. गार पिठात तो कमी सुटतो, शिवाय सोड्याचे बुडबुडे टिकतात. रिंग आधी कोरड्या मैद्यात, मग या पिठात, मग वाळवलेल्या पावाच्या भरड चुऱ्यात. कोरडा मैदा हेच मावशींचे बंद.

तेल एकशेऐंशी अंशांवर. हॉटेलमधून एकच वस्तू मी शिकून घरी आणली, ती म्हणजे थर्मामीटर. दहा रिंग्ज एकदम सोडल्या तर आकडा धाडकन दीडशेवर. हॉटेलचा फ्रायर पटकन सावरतो, घरचा गॅस नाही सावरत. म्हणून दोन कढया आणि एकेकीत चारच. फिकट रंग आला की बाहेर, आणि तेही कागदावर न टाकता केकच्या जाळीवर, कारण कागदावर खालून वाफ धरते. डबा बंद करून पाठवणं तर शक्यच नव्हतं. म्हणून अर्धवट तळलेल्या रिंग्ज ताटांत पसरल्या, कढई, शेगडी आणि मावशींना रिक्षात घातलं आणि वाढदिवसाच्या गच्चीवर जाऊन दुसऱ्यांदा तळल्या. प्रत्येक घाण्याला मिनिट-सव्वा मिनिट. पोरांनी पहिलं ताट माझ्या हातातूनच उचललं. सहा वाजून वीस मिनिटं झाली होती, पण उशीर कुणाच्या लक्षातही आला नाही.

मुलाच्या आईने एक रिंग मोडून पाहिली. कांदा आतच राहिला. मी मनात सुटकेचा श्वास टाकत होते, तेवढ्यात त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "कुठल्या कंपनीचं पाकीट वापरता हो? आम्हालाही सांगा की."

मला काय बोलावं सुचेना. मावशींनी झारा ठेवला, पदराला हात पुसला आणि कांद्याने पिवळट झालेलं अंगठ्याचं नख बाईंच्या नाकासमोर धरलं.

"हे बघा पाकीट."